वीसपैकी वीस

१४ जून

प्रिय ताई,

नमस्कार. नोकरी लागली. लागली म्हणजे अजून पुरती चिकटलेली नाही, एक वर्ष उमेदवारीचं आहे. पण मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, काम बघून कायम करू. कामाची मला भीती नाही. रंगाच्या कारखान्यात मी अठरा वर्षं तपासनीस होतो आणि माझ्या हाताखालून गेलेला एकही डबा नापास झाला नाही, हे तुला माहीतच आहे.

प्रयोगशाळा तळमजल्यावर आहे. चार बेसिनांपैकी दोन तुंबलेली, बाकांवर ॲसिडचे डाग, आणि ब्युरेटचे नळ व्हॅसलीन लावल्याशिवाय फिरत नाहीत. हे सगळं हळूहळू ताळ्यावर आणीन. पहिलं काम म्हणून मी वर्गाची नियमावली केली. एकूण तेवीस नियम, पानाच्या दोन्ही बाजूंना. खाली तीन सह्या: विद्यार्थी, पालक, शिक्षक. बेचाळीस प्रतींवर सह्या करून माझं मनगट भरून आलं. प्रयोगशाळेतल्या शिपाई काकांकडूनही एका प्रतीवर सही घेतली, उगाच कोणी वगळायला नको.

एक प्रत सोबत आहे. नियम दोन बघ: लेबल दोनदा वाचल्याशिवाय बाटली उघडू नये, नाहीतर तो प्रयोग रद्द. नियम सहा तर तुझाच, तुझ्या वर्गात शिकलेला: चुकलं तर खोडरबर नाही, एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी तारीख आणि सही. तारीख नसेल तर एक गुण कमी, ही भर माझी. नियम अकरा: एकदा दिलेले गुण कोणत्याही कारणाने बदलणार नाहीत. आणि नियम चौदाचा मला खास अभिमान आहे. प्रत्येक प्रयोगाचं अपेक्षित उत्तर मी मागच्या बाजूला छापलंय. त्याहून अर्ध्या मिलिलिटरपेक्षा जास्त फरक आला की शून्य. सत्राच्या मोठ्या प्रयोगात शून्य मिळालं, तर पुढच्या वर्षी रसायनशास्त्र घेता येणार नाही. कारखान्यात आमच्या प्रत्येक कार्डावर असाच अपेक्षित आकडा छापलेला असायचा.

एक काम कर. तुझ्या वर्गात असताना तू मला प्रयोगवहीत वीसपैकी वीस दिले होतेस. आदल्या वर्षी नापास झालेल्या मुलाला! त्या वीस गुणांवर मी उभा राहिलो, हे मी मुलाखतीतही सांगितलं. ती वही तुझ्याकडेच राहिली. पाठवून दे, काचेच्या कपाटात नमुना म्हणून ठेवीन.

तुझा,
धाकटा

२६ जून

चि. भाऊराया,

अनेक आशीर्वाद, आणि अभिनंदन. तुझी नियमावली चष्मा पुसून दोनदा वाचली, कारण तसा नियमच आहे. मी एकतीस वर्षं शिकवलं, माझे नियम चार होते. पळू नका, चाखू नका, केस बांधा, खोटं लिहू नका. पहिले तीन बऱ्यापैकी पाळले गेले.

दोन शंका आहेत, राग मानू नकोस. अठरा वर्षांत एकही डबा नापास झाला नाही, तर मग कारखाना बंद का पडला? तू दिलेल्या रंगाचे आमच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांत पोपडे निघाले. तुझे भाऊजी अजून त्या भिंतीकडे बघून तुझी आठवण काढतात. दुसरी शंका: उत्तर आधीच छापून दिलंस, तर मुलांनी मोजायचं कशाला?

बाकी शिक्षकाची सही घेतलीस हे मला मनापासून आवडलं. आपण कशावर सही केली हे बहुतेक शिक्षक विसरतात. तू विसरू नकोस.

वही माळ्यावर कुठेतरी असेल. गुडघे साथ देत नाहीत. बघते.

तुझी,
ताई

९ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुझ्या शंकांना वेळ नव्हता, आता उत्तरच पाठवतोय. मोठा प्रयोग झाला. तोच जुना: ॲसिडमध्ये ब्युरेटमधून अल्कली थेंब थेंब सोडायची, रंग फिकट गुलाबी झाला की नळ बंद, आकडा वाचायचा, असं तीनदा. अपेक्षित उत्तर दहा पूर्णांक शून्य. बेचाळीसपैकी एकेचाळीस मुलांना दहा आलं. तिन्ही वेळा! मुख्याध्यापिका बाईंनी वह्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाल्या, अशी शिस्त या शाळेत आजवर पाहिली नाही.

एक मुलगी मात्र निघालीच. तिच्या वहीत चौदा पूर्णांक शून्य, तेरा पूर्णांक नऊ, चौदा पूर्णांक शून्य. गाव एकीकडे आणि ही दुसरीकडे. मी विचारलं तर एवढंच म्हणाली की मला चौदाच आलं, तीनदा बघितलं. वाद घातला नाही, रडलीही नाही, त्यामुळे मला जास्तच राग आला. नियम चौदाप्रमाणे शून्य दिलं. वर्ग आता तिला 'चौदा' म्हणून हाक मारतो.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. तिची लाँड्री आहे, हातांना ब्लीचचा वास. मुलगी म्हणे दुकानात डाग काढायचं औषध थेंब मोजून घालते आणि तिला हाच विषय पुढे शिकायचाय. शून्य देण्याआधी तुम्ही तिच्या ब्युरेटकडे बघितलं होतं का, असं तिने विचारलं. मी तिला तिचीच सही दाखवली. तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून निघून गेली. वाईट वाटतं, पण एकीसाठी नियम वाकवला की उद्या बेचाळीसांसाठी वाकवावा लागेल.

वही सापडली का?

तुझा,
धाकटा

१८ ऑगस्ट

चि. भाऊराया,

एकेचाळीस मुलांना तिन्ही वेळा तंतोतंत दहा? माझ्या वर्गात एखाद्याला तीनदा तंतोतंत दहा आलं, तरी मी त्याच्याकडे जरा निरखून बघायची. एकाचा नळ गळतो, दुसऱ्याची मान तिरकी, तिसऱ्याला घरी जायची घाई, चौथ्याचा एक थेंब जास्त पडतो. खऱ्या हातांचे आकडे थोडेफार इकडेतिकडे व्हायचेच. तुझ्या वर्गात एकाच मुलीचे आकडे मला हातांचे वाटले.

तिने तीनदा मोजलं. तू एकदा मोज.

तुझी,
ताई

२७ ऑगस्ट

ताई,

पत्रातला सूर कळला. तुझ्या वर्गाचा असा निकाल कधी लागला नाही हे मला ठाऊक आहे, पण धाकट्या भावाचं चांगलं झालं तर त्यात मोजमाप करायला बसू नये. मी अठरा वर्षं मोजण्याचंच काम केलंय. मोजायचं कसं हे मला कोणाकडून शिकायचं नाही, आणि शिकायचं होतं तेव्हा तुझ्याकडूनच शिकलो आणि वीसपैकी वीस मिळवले.

वही पाठवायची नसेल तर तसं सांग.

धाकटा

२० नोव्हेंबर

प्रिय ताई,

तीन महिने तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही, म्हणजे फिट्टंफाट झाली. आता रुसवा सोड, बातमी चांगली आहे.

मुख्याध्यापिका बाईंनी माझी नियमावली सगळ्या शाळेला लागू केली. नियम अकरा तर मोठ्या अक्षरांत छापून, प्लास्टिकमध्ये घालून मुख्य दारावर लावलाय. चित्रकलेचे सर माझ्याशी बोलेनासे झालेत, पण चालायचंच.

आणि दुसरी बातमी खास तुझ्यासाठी. ती चौदा आठवते? सुधारली. सप्टेंबरपासून प्रत्येक प्रयोगात तिचं उत्तर अपेक्षित उत्तराशी तंतोतंत जुळतं. पूर्वी शेवटपर्यंत नळाशी खुडबुडत बसायची, आता सगळ्यांबरोबर वही देऊन मोकळी होते. पुढच्या वर्षी तिला रसायनशास्त्र नाही ते नाहीच, पण वळण तर लागलं. छडी न उगारता माणूस कसं सरळ होतं, याचं हे उदाहरण आहे.

तुझा,
धाकटा

२ डिसेंबर

चि. भाऊराया,

रुसले नव्हते. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

ती मुलगी सुधारली हे वाचून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. तुझे भाऊजी विचारत राहिले, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कोणी गेलं नाही, पण जायच्या वाटेवर आहे.

ऑगस्टमधलं ॲसिड अजून बाटलीत शिल्लक असेल. शाळा सुटल्यावर, कोणी बघत नसताना, एकदा स्वतः मोज. मागच्या बाजूचं उत्तर न बघता. एवढं माझं ऐक, मग आयुष्यभर माझं काही ऐकू नकोस.

ताई

११ जानेवारी

प्रिय ताई,

मोजलं. चौदा आलं.

ब्युरेट बदलली. चौदा. अल्कली नवीन केली. चौदा. मग कपाटातली मूळ बाटली काढली आणि लेबल वाचलं. ताई, मी ते पहिल्यांदाच वाचत होतो. 'निर्जल' असं ठळक अक्षरांत लिहिलंय. मी पुस्तकातलं वजन तोलून पाण्यात विरघळवलं होतं; ते वजन आहे साध्या स्फटिकांचं, ज्यांच्या पोटात पाणी असतं. यंदा दुकानदाराने पाणी काढलेली कोरडी पावडर पाठवली. तेवढ्याच वजनात ॲसिड जास्त भरलं. त्या दिवशी त्या खोलीत कोणालाही दहा येणं शक्यच नव्हतं.

काका मागे उभे होते. म्हणाले, बाटली वेगळी आहे हे मी तेव्हाच बघितलं होतं. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सर, तुम्ही तयारी करत होता. नियम सात, तयारी चालू असताना बोलायचं नाही. तुम्ही सही घेतली होतीत माझी."

म्हणजे एकेचाळीस मुलांनी आकडे ठोकून दिले, एकीने मोजलं, आणि मी त्या एकीला शून्य दिलं.

आता शांतपणे विचार केला तर असं दिसतं. हे मला, तुला आणि काकांना ठाऊक आहे, आणि काका बोलणाऱ्यांतले नाहीत. एप्रिलमध्ये मला कायम करायचा कागद निघेल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गुण बदलायचे तर दारावरचा नियम अकरा आडवा येतो, तो माझाच. विषयनिवडीचे फॉर्म मार्चअखेर भरतील. मुलगी हुशार आहे, दुसऱ्या विषयातही चमकेल. तसं बघितलं तर तिचं फारसं नुकसान नाही. असं मी आठवडाभर स्वतःला सांगतोय, आणि सांगून होत नाही म्हणून तुला लिहितोय. तू हो म्हणालीस तर गप्प बसेन.

धाकटा

१९ जानेवारी

चि. भाऊराया,

हो म्हणायचा अधिकार मला नाही. का नाही, ते सांगते. हे पत्र मी तीस वर्षं लांबवलं.

तू माझ्या वर्गात होतास ते माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष. मुलं आकडे ठोकून देतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मोठ्या प्रयोगाच्या दिवशी मी ॲसिड मुद्दाम पातळ केलं. आठच्या वर कोणाला काही येणं शक्य नव्हतं. दहा लिहिणाऱ्या प्रत्येकाला शून्य द्यायचं ठरवलं होतं, आणि दिलं. तुझ्या वहीत होतं दहा, दहा, दहा. इतक्या सुंदर अक्षरात!

त्या सकाळी आई दारात मला म्हणाली होती, हा यंदा पुन्हा नापास झाला तर परत उभा राहायचा नाही. मी तुला वीसपैकी वीस दिले. तुझ्या शेजारच्या मुलाने तुझ्याच वहीत बघून लिहिलं होतं. त्याला शून्य दिलं. त्याने रसायनशास्त्र सोडलं. तू पुढे गेलास, तपासनीस झालास, आणि तुझ्या हाताखालून एकही डबा नापास झाला नाही. तुझ्या पत्रात ते वाक्य आलं की मला दरवेळी ती वही आठवायची. तू वीसपैकी वीस म्हणायचास आणि मी माळ्याचं आणि गुडघ्यांचं कारण सांगायची.

वही माळ्यावर कधीच नव्हती. माझ्या कपाटात, कपड्यांच्या खाली होती. सोबतच्या पुडक्यात पाठवतेय. गुण बदलायचे नाहीत हा नियम तुझा, माझा नव्हता. वीसवर एक रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. शेजारी शून्य, तारीख आणि सही. काचेच्या कपाटात ठेवायची की चुलीत घालायची, ते तू ठरव.

माझी तुझ्यावर फार माया होती, म्हणून मी हे केलं. अजून आहे, म्हणून आज हे लिहिलं.

ताई

१६ मार्च

प्रिय ताई,

पुडकं मिळालं. महिनाभर तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं, आणि तू इथे नसल्यामुळे ते पारही पडलं. वही मात्र रोज उघडून बघत होतो. ताई, तुझ्या त्या शून्याचं वळण अजून तसंच गोल आहे.

शेवटी मुख्याध्यापिका बाईंकडे गेलो आणि झालेलं सगळं सांगितलं. त्यांनी बोटाने फक्त दाराकडे दाखवलं, जिथे नियम अकरा लटकतोय. गुण बदलता येणार नाहीत म्हणाल्या, नियम तुमचाच आहे. मी म्हटलं, बदलायचे नाहीतच. नियम दोनप्रमाणे, लेबल न वाचता केलेला प्रयोग रद्द होतो. लेबल मी वाचलं नव्हतं आणि खाली माझी सही आहे, बेचाळीस वेळा. प्रयोगच रद्द, तर गुण कुठले? त्यांनी नियमावली काढून नियम दोन वाचला. मग परवानगी दिली. कोणाची काय चूक झाली ते वर्गात सांगायचं नाही, शाळेची शोभा होईल, अशी अट घातली. माझी उमेदवारी आणखी एक वर्ष वाढली. कागद त्याच दिवशी हातात पडला, इतक्या तत्परतेने या शाळेत दुसरं काही झालेलं मी पाहिलं नाही.

प्रयोग पुन्हा घेतला. तेच ॲसिड. उत्तर छापलं नाही. मुलांची तोंडं बघायला हवी होतीस, पोहायला टाकून काठ काढून घेतल्यासारखी. तेवीस जणांनी मुकाट्याने मोजलं आणि तेवीस वेगवेगळे आकडे आणले: तेरा पूर्णांक सहा, चौदा पूर्णांक तीन, एकाला तर सोळा. मी अर्ध्या मिलिलिटरचा नियम त्या दिवसापुरता मिटवला आणि जे खरोखर मोजलंय ते पास केलं. एकोणीस जणांनी जुनं पाठ असलेलं दहाच लिहिलं. दहा म्हणजे सरळ शून्य, ते मी आधीच ठरवलं होतं.

त्या एकोणिसांत चौदा होती.

ताई, मी तिची वही उघडली. दहा, दहा, दहा. अक्षर सुंदर. नोकरी पणाला लावून मी जिच्यासाठी प्रयोग रद्द करून घेतला, तिलाच आता पुन्हा शून्य द्यायचं, आणि यावेळी ते अगदी बरोबर असणार होतं. फॉर्म भरायला जेमतेम दोन आठवडे उरले होते.

शाळा सुटल्यावर तिला थांबवलं. हे काय लिहिलंस, असं विचारलं. ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "मागच्या वेळी खरं लिहिलं होतं, सर."

मग तिने वही स्वतःकडे ओढली आणि शेवटचं पान उघडलं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, सप्टेंबरपासूनचा प्रत्येक प्रयोग तिथे होता. खरे आकडे. सगळ्यात खाली आजचे: चौदा, तेरा पूर्णांक नऊ, चौदा पूर्णांक एक. म्हणाली, "खरं मागे लिहिते. पुढे तुमच्यासाठी."

मी उठलो, कपाटातून माझी वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली. माझी आहे म्हणून सांगितलं. तिने पान निरखून बघितलं, वीसवरची रेघ, शेजारचं शून्य, तुझी तारीख, तुझी सही. तारीख यंदाच्याच जानेवारीची बघून तिच्यावर बोट ठेवून ती थबकली. मग तिने विचारलं, "तुम्हाला खरं किती आलं होतं?"

तीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं, मी स्वतःला पण नाही. आठच्या आसपास असणार हेसुद्धा मला तुझ्या पत्रातून कळलं. त्या दिवशी मी ब्युरेटकडे बघितलंच नव्हतं. तिला तेच सांगितलं. ती हसली. वर्षभरात पहिल्यांदा, आणि चांगली खळखळून हसली. मला राग यायला हवा होता, पण मीही हसलो.

मग तिने पेन काढलं. तिन्ही दहांवर एकेक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि वर शेवटच्या पानावरचे आकडे शाईने लिहिले. शेजारी सही केली. तिच्या वहीवर मी अजून गुण दिले नव्हते, त्यामुळे हे नियमात बसतं, मी दोनदा वाचून खात्री केली. पुढच्या वर्षी ती माझ्या वर्गात आहे, आणि उमेदवारी वाढल्यामुळे मीही आहे.

फक्त तारीख घालायला विसरली. मी एक गुण कापला. वीसपैकी एकोणीस.

तुझा,
धाकटा